मोतीचा पाडवा

“इंग्रजी शाळंत घातलीत आनि पोर मुकी करून आनलीत,” आत्या पडवीत बसून आईला सांगत होती. दोघींच्या मध्ये मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं. साल काढलेला एकेक दाणा परातीत पडला की बारीक टिक असा आवाज यायचा, आणि आत्या बोलायला लागली की तो एकाच बाजूने यायचा, कारण बोलताना तिचे हात थांबत. “सशांशी बोलते की तासन्‌तास. मानसं दिसली का दातखीळ बसते.”

“ससे कुठे बोलतात, वन्सं?” आई म्हणाली.

“त्येच म्हनते मी. जे बोलत नाय त्यांच्याशीच हिचं जमतं.” मग दोघी हसल्या. आत्याच्या हसण्यात वाईट काही नसायचं. ती मोहोपाड्याहून दिवाळीला आली की तिच्या पिशवीत माझ्यासाठी एक तरी वस्तू असायचीच, आणि ती देताना माझ्या गालाचा असा चिमटा काढायची की डोळ्यांत पाणी यायचं.

मी भिंतीपलीकडे गोठ्यात पोटावर पालथी पडले होते. सशांशी ओळख करायची तर आपण त्यांच्या उंचीचं व्हावं लागतं. उभ्या माणसाची सावली वरून आली की त्यांना घारच आठवते. मोती माझ्या कोपराला नाक लावून बसली होती आणि तिचा एक कान पडवीकडे वळलेला होता. दुसरा माझ्याकडे. सशाला दोन कानांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकता येतात. त्या वेळी मला ते फार हेवा वाटण्यासारखं वाटायचं, कारण मला कुणी माझ्याविषयी बोलताना ऐकू आलं की बाकी सगळं ऐकू येणं बंद व्हायचं.

तो गोठा तेव्हा रिकामाच होता. खालापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घराला लागून गोठा, पुढे अंगण, मागे उतारावर आमचं वरकस, म्हणजे भात न पिकणारी, फक्त गवत येणारी जमीन. भाताच्या खाचरांत पॉवर टिलर फिरायला लागला आणि आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बैल विकले. शेवटच्या जोडीतला एक मोत्या होता. त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा पट्टा गोठ्यातल्या खुंटीवर तसाच होता. जनावर एकही उरलं नव्हतं, तरी आबा रोज सकाळी खराट्याने गोठा झाडायचे. आम्हाला सवय झाली होती. सकाळची पहिली जाग म्हणजे तो खराट्याचा खरखर आवाज, त्यामागे दूरवरून एक्सप्रेसवेची घरघर, आणि मग स्वयंपाकघरात आईच्या हातांतल्या तांदळाच्या भाकरीची थाप.

ससे पप्पांनी आणले. ते कारखान्यात पाळीवर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या बंगल्यांतले पंप, वायरिंग बघायचे. मुंबईच्या एका कुटुंबाने मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायला दोन ससे घेतले होते. सुट्टी संपली, मुलं गेली, ससे बंगल्यावर राहिले. वॉचमनने पप्पांना विचारलं, “घेऊन जाता का? नायतर कुत्री हायेतच.” पप्पा बिस्किटांच्या खोक्यात घालून ते घरी घेऊन आले. आम्ही सगळे गोठ्यात खोक्याभोवती उभे राहिलो. आत एक तपकिरी, एक पांढरी, दोघी माद्या, एकमेकींत इतक्या घुसलेल्या की एकच जनावर आहे असं वाटावं.

“ससा मी खाल्लाय,” आबा म्हणाले. “पाळला नाय कदी.”

मी तपकिरीचं नाव बिस्किट ठेवलं आणि पांढरीचं पर्ल. नावं मी आईला सांगितली, आईने आबांना. “बिस्किट?” आबा म्हणाले. “खायच्या वस्तूचं नाव जनावराला? कोन तरी खाईल ना तिला.” त्यांनी तिच्या खैरासारख्या रंगावरून तिला खैरी म्हणायला सुरुवात केली. “आनि पर्ल म्हंजे काय?” आईने सांगितलं, मोती. आबांनी खोक्यात बघितलं, मग खुंटीवरच्या घुंगरांकडे बघितलं आणि ते बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी गोठा झाडताना ते आपसूकच म्हणत होते, “सर गं मोती, पाय काढ.”

बंगल्यावर त्यांना पाव आणि गाजर मिळायचं. दोघींची पोटं बिघडलेली होती. मी मोबाईलवर वाचून वाचून शिकले. सशाचं मुख्य खाणं सुकं गवत, दिवसभर, सतत. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि गवत चावून चावूनच झिजतात. पोट एकदा थांबलं की ससा अर्ध्या दिवसात हातचा जातो. गाजर म्हणजे आपल्याला पेढा, कधीतरी एखादा तुकडा. हे सगळं इंग्रजीत वाचलेलं, आणि ते आबांना मराठीत कसं सांगायचं ते मला कळायचं नाही. शाळेत मराठी बोललं की मॅडम भुवया उंचावायच्या, घरी इंग्रजी शब्द आला की चुलतभाऊ नक्कल करायचे. दोन्हीकडून मार बसल्यावर मी मधल्या जागेत गप्प राहायला शिकले होते. त्यामुळे मी सांगायची नाही, करून दाखवायची. आबांनी पहिल्यांदा मोतीला कान धरून उचललं, जसं शिकार केलेल्या सशाला उचलतात. मी धावत जाऊन तिच्या मागच्या पायांखाली हात धरला आणि तिला छातीशी घेतलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्या वेळी त्यांनी तसंच उचललं, एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, तान्ह्या मुलासारखं. आमच्या दोघांत ते असंच चालायचं. त्यात शब्दांची गरज कधी पडली नाही, आणि मला ती गोष्ट फार आवडायची.

गवत मात्र मला शिकवावं लागलं नाही. पूर्वी आमच्या वरकसातलं गवत कापून, बांधून मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जायचं. बैल गेल्यावर आबा ते नुसतं उभं वाळू द्यायचे. सशांसाठी ते पुन्हा विळा घेऊन वर जाऊ लागले. हिरवं गवत उन्हात एक बाजू, मग दुसरी बाजू करून वाळवायचे, हातात चुरगळून वास घ्यायचे आणि मगच पेंडी गोठ्यात आणायचे. “ह्ये बघ, ह्याला पावसाचा थेंब लागला नाय,” ते मला दाखवायचे. मी मान हलवायची. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये कर्जत-खालापूरचा उकाडा सशांना सोसत नाही. त्यांना घाम येत नाही, कानांतूनच अंगातली उष्णता बाहेर जाते. मी खिडकीला ओलं गोणपाट लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते ओलं करायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं.

एकदा दुपारी आबांची हाक आली, “अगं, मेली गं मोती!” मी धावत गेले तर मोती एका कुशीवर पाय ताणून पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. ससा पूर्ण निर्धास्त झाला की असा धप्पकन आडवा पडतो. मी तिच्या गालावर बोट फिरवलं. दात एकमेकांवर हलकेच घासल्याचा बारीक आवाज आला. मी आबांचं बोट धरून तिच्या जबड्याला लावलं. त्यांना ती थरथर जाणवली. “हसते काय ही?” ते म्हणाले. मी मान हलवली, हो. त्या दिवसापासून आबा जेवून आले की गोठ्यात बाजेवर बसायचे आणि मोतीच्या जबड्याखाली बोट धरायचे. बैल गेल्यापासून त्यांना असं बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

आता मी शेलूला राहते, चौथ्या मजल्यावर. सोसायटीत प्राणी पाळायला हरकत नाही, तरी मी पाळलेला नाही. ऑफिसात कुणी मुलांसाठी ससा घ्यायचं म्हटलं की मला विचारायला येतात. मी गवताचं सांगते, उकाड्याचं सांगते, कान धरू नका म्हणून सांगते. आणि एक गोष्ट मी सगळ्यात आधी सांगते. ती मला कुणी सांगितली नव्हती असं नाही. मी ती वाचली होती. पण घरात ती सांगायची वेळ येईल असं कुणाला वाटलं असतं? ससा मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. त्याला धुवायचा प्रश्नच येत नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांचा मान असतो. पहाटे गुरं धुतात, अंगावर गेरूचे ठसे काढतात, शिंगं रंगवतात, झेंडूच्या माळा घालतात आणि पेंढ्याचा जाळ करून त्यावरून त्यांना उडवतात. मला लहानपणचं आठवतं, आबा मोत्याचा कासरा धरून जाळापाशी उभे, गळ्यातले घुंगरू, लोकांचा आरडाओरडा. बैल विकल्यापासून आबा पाडव्याच्या सकाळी घराबाहेर पडत नसत. बाहेर गलका सुरू झाला की ते आतल्या खोलीत जाऊन पडायचे आणि आई सगळ्यांना खुणेने गप्प करायची.

त्या पाडव्याला आईने मला गावाच्या वरच्या आळीत फराळाचं ताट पोचवायला पाठवलं. तिथल्या काकूंनी बसवून घेतलं, चहा दिला, अभ्यासाचं विचारलं. मी हो, नाही, एवढंच बोलले. परत येताना घराच्या वळणावरच मला आबांचा आवाज ऐकू आला, “हो, हो, हो रं राजा, झालं रं झालं.” बैलांना धुताना ते असं बोलायचे. किती वर्षांनी तो आवाज आला होता. मला इतकं बरं वाटलं की मी भराभर पावलं उचलत आले.

अंगणात चुलीवर पाणी तापवलेलं होतं. घमेल्यातून उटण्याचा वास येत होता. आबा पाटावर बसले होते, स्वच्छ धोतर नेसून, आणि त्यांच्या मांडीवर मोती होती. चिंब भिजलेली. सगळे केस अंगाला चिकटल्यावर ती उंदराएवढी दिसत होती. पाठीवर आबांच्या अंगठ्याने काढलेले गेरूचे ठसे, गळ्यात त्यांनी स्वतः ओवलेली झेंडूची एवढीशी माळ. आत्या मोबाईलने फोटो काढत होती. पप्पा हसत होते. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “बघ गं, किती गुनाची. बैलसुद्धा लाथ झाडतो. ही हलली पन नाय.”

मोती हलत नव्हती. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते की कडेचं पांढरं दिसत होतं. ससा पकडला गेला, सुटायची आशा उरली नाही, की तो असा दगड होतो. मला ते दिसत होतं आणि तिथल्या कुणालाच दिसत नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर जे होतं तेही मला दिसत होतं. त्यांनी पुढे होऊन शेजारच्या टोपलीतल्या खैरीकडे हात केला, “चल, आता तुझा मान.” मी खैरीला उचललं आणि दुसऱ्या हाताने मोतीला टॉवेलमध्ये घेतलं आणि आत गेले. मागून आत्या म्हणाली, “हिलाच करायचं असंल सगळं. आपली सवय हाय तिची.”

सशाच्या केसांच्या आत आणखी मऊ केस असतात. ते एकदा भिजले की लवकर सुकत नाहीत. मी टॉवेल बदलत राहिले. आईने जुन्या साड्या काढून दिल्या आणि चुलीजवळ जागा केली. मोती पाठीची कमान करून कोपऱ्यात बसली. दात घासायला लागली, पण तो हसण्याचा आवाज नव्हता. दुखतं तेव्हा ससा दात करकरवतो. तिच्यापुढे गवत ठेवलं, कोथिंबीर ठेवली, तिने तिकडे नाकही वळवलं नाही. पप्पांनी कर्जतच्या गुरांच्या डॉक्टरला फोन केला. तो भला माणूस होता. म्हणाला, “गाय असती तर सण सोडून आलो असतो. सशाचं मला खरंच काही माहीत नाही.” पनवेलच्या एका डॉक्टरने फोनवर सांगितलं, ऊब द्या, उद्या सकाळी घेऊन या. भाऊबीजेच्या सकाळी पप्पांनी मोटरसायकल अंगणात काढली, मी मोतीला ओढणीत गुंडाळून घेतलं, आणि उंबरठ्यावरच ती एकदा ताठ झाली आणि मग तिचं डोकं माझ्या मनगटावर टेकलं. पप्पांनी चालू केलेलं इंजिन बंद केलं.

मी तिला गोठ्यात नेऊन खैरीसमोर ठेवलं. जोडीतला एक गेला की दुसऱ्याला ते पाहू द्यावं लागतं, नाहीतर तो शोधत राहतो. खैरीने तिचं कपाळ चाटलं, कान चाटले. पाठीवरच्या गेरूपाशी आली आणि थांबली. तो रंग मी पुसायचा प्रयत्न केला होता, पण तो केसांत आतपर्यंत धरला होता. आबा दाराशी उभे होते. त्यांनी परसात फणसाखाली खड्डा खणला, तळाशी मीठ घातलं आणि मोत्याचा घुंगरांचा पट्टा खुंटीवरून काढून मोतीबरोबर पुरला. मला वाटलं होतं ते रडतील. ते फक्त म्हणाले, “काय झालं असंल गं तिला? काल तर न्हाऊनमाखून बसली होती.”

त्या संध्याकाळी ओवाळायचं ताट तसंच पडून राहिलं. पप्पांनी आईला, आत्याला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनाही तोवर कळलं होतं, पनवेलच्या डॉक्टरने फोनवर विचारलं होतं, अंघोळ घातली होती का म्हणून. “आबांना कळता कामा नये,” पप्पा म्हणाले. “सहन व्हायचं नाही त्यांना.” आत्या पदराने डोळे पुसत होती. “मी फोटो काढीत बसले रं,” ती म्हणाली. माझ्याकडे वळून कुणी काही बजावलं नाही. मी बोलेन अशी शंका कुणाला आलीच नाही.

पण आबा विचारत राहिले. रोज. आणि कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं. बंगल्याच्या कुंपणालगतच्या बांधावर माळी तणनाशक मारतो, आपण तिथलं गवत आणलं असेल, त्यातून विष गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी साठवलेल्या सगळ्या पेंड्या बाहेर काढून जाळल्या. डोंगराच्या पार वरच्या अंगाला जाऊन गवत आणायला लागले. उतरताना त्यांचे गुडघे थरथरायचे. आणलेलं गवत काडी काडी निवडायचे, आणि मग त्यातली एक काडी स्वतः चावायचे. चावून, गिळून, बाजेवर बसून राहायचे. आपल्याला काही होत नाही अशी खात्री झाली की मगच ते गवत खैरीपुढे ठेवायचे. “खा गं माय,” म्हणायचे. “बघितलंय मी.”

हे मी रोज पाहायची. खैरी एकटी पडल्यापासून कमी खायची, तिच्या पाठीचं हाड हाताला लागायचं, आणि ती जेवढं कमी खायची तेवढा आबांचा गवतावरचा संशय वाढायचा. आत्याने काढलेला फोटो त्यांनी पप्पांकडून मोठा करून घेतला आणि गोठ्याच्या खांबाला लावला. फोटोत आबा हसतायत, मोतीच्या गळ्यात झेंडू आहे. घरी येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, किती गोड बसलीय. मी गोठ्यात जाताना त्या खांबाकडे पाठ करून जायची. मोतीचे ते डोळे वाचता येणारी घरात मी एकटीच होते, आणि मला नेहमी वाटायचं की हे वाचता न येणं किती बरं असेल.

वर्ष असंच गेलं. दिवाळी आली, आत्या आली, वाल भिजले. त्या वेळी वाल सोलताना ती माझ्याविषयी काही बोलली नाही. पाडव्याच्या सकाळी मी जागी झाले ती लाकडं फोडल्याच्या आवाजाने. बाहेर आले तर अंगणात चूल पेटली होती. आबा धोतर नेसून पाटावर बसले होते. करवंटीत गेरू कालवला होता, बाजूला झेंडूची माळ होती, आणि मांडीवर खैरी होती, अजून कोरडी, त्यांच्या धोतराच्या निऱ्यांत नाक खुपसून.

पप्पा दारात थबकले. “आबा, यंदा कशाला?” ते म्हणाले. “थंडी आहे.”

“गेल्या साली हिचं राह्यलं,” आबा म्हणाले. “मोतीचा मान झाला, हिचा नाय झाला. तवापासून सुकत चाललीय. जनावराला कळतं रं समदं.” त्यांनी कोपर घमेल्यात बुडवून पाणी किती गरम आहे ते बघितलं, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं. आई चौकटीला धरून उभी होती. आत्याच्या हातात मोबाईल नव्हता. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांकडे बघत होते.

मी नेहमीसारखी पुढे झाले. वाकून खैरीला घ्यायला हात पुढे केले. आबांनी तिला हलकेच आपल्या बाजूला वळवलं. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, मी शिकवलं होतं तसंच. “थांब गं,” ते म्हणाले. “गेल्या साली तू नेलीस हिला आत. आज मी न्हाऊ घालतो. गवतानं एक नेली माझी, ही तरी राहू दे.” आणि त्यांनी पाण्याचा तांब्या भरला.

मी त्यांच्यासमोर ओल्या अंगणात खाली बसले, त्यांच्या उंचीला. तांब्यावर हात ठेवला. गावात कुठेतरी गुरं जाळावरून उडत होती, गलका चालला होता. माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला, आणि त्यातला पहिला शब्द ऐकूनच आबा माझ्याकडे बघायला लागले, कारण तो माझ्याकडून आला होता.

“गवत चांगलं होतं, आबा,” मी म्हणाले. “पाणी नको.”